कचरूचा दाखला

केदारखेड्याच्या अलीकडं एक गाव आहे. तिथं कुणाला कुत्रं चावलं, की लोक आधी कचरूकडं जात. कचरू काही वैद्य नव्हता. कंपनीसाठी मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट करणारा, सकाळचा चहा फाट्यावरच्या हॉटेलात पिणारा साधा शेतकरी. पण पाच-सहा वर्षांपूर्वी त्याला स्वतःला कुत्रं चावलं होतं, त्यानं इंजेक्शन घेतलं नव्हतं, आणि तो जिवंत होता. लोकांना एवढं पुरे होतं.

औषध द्यायचे ते काकासाहेब. डोंगराच्या बाजूला वस्तीवर राहणारे, सत्तरीचे. कसलीशी मुळी गुळात वाटून द्यायचे आणि सव्वा महिना वांगं, अंडं, मटण, तेलकट बंद ठेवायला सांगायचे. पैसे घेत नसत. कुणी नारळ ठेवला तर तिथंच फोडून सगळ्यांना वाटत. वडलांपासून हे चालत आलं होतं आणि त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता. अट एकच: इंजेक्शन घेतलं असेल तर औषध लागू पडत नाही. कुणी घुटमळलं, की ते म्हणायचे, "कचरूला विचारून या."

खरं तर कचरू त्या वेळी भोकरदनला दवाखान्यात जायला निघाला होता. पोटरीला फडकं बांधून फाट्यावर जीपची वाट बघत होता. हॉटेलात बसलेल्या माणसांनी त्याला हाक मारली. कुणी म्हणालं, काकासाहेब असताना दवाखाना कशाला. कुणी म्हणालं, माझ्या मामाला त्यांच्याच औषधानं गुण आला. एकानं तर मोटारसायकलच काढली. सगळे इतक्या आपुलकीनं सांगत होते, की त्यांना नाही म्हणणं कचरूला जमलं नाही. त्यानंतर कित्येक महिने तो भीतीनं निम्मा झाला. सकाळी उठला, की आधी तांब्यातलं पाणी पिऊन बघायचा. घोट घशाखाली उतरला, की मग पुढच्या कामाला लागायचा. हे त्याच्या बायकोशिवाय, झुंबरबाईशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

त्याला काही झालं नाही. पहिला माणूस विचारायला आला तेव्हा कचरू एवढंच म्हणाला, "मला तर काय झालं न्हाई." ते खरंच होतं. पण तेवढ्यावर कुणी उठत नसे. कुत्रं कसं होतं, पिसाळलेलं होतं का, नंतर त्याचं काय झालं, असं लोक खोदून विचारत. कचरू सांगत गेला. सांगता सांगता त्या कुत्र्याच्या तोंडाला फेस आला. पुढं त्यानं एक वासरूही चावून मारलं. कचरू मुद्दाम खोटं बोलायचा असं नाही. बोलताना त्याला ते सगळं डोळ्यांसमोर दिसायचं. ऐकणारे मान हलवायचे, त्याला चहा सांगायचे, त्याच्यासाठी खुर्ची रिकामी करायचे. त्याआधी त्याला गावात कुणी कशाबद्दल विचारलं नव्हतं. तांब्यातल्या पाण्याचा विषय मात्र त्याच्या सांगण्यात कधी आला नाही.

फाट्यावरच मुबारकचं दुकान आणि त्याला लागून घर होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा तार गुंडाळून भरून द्यायचा. तो आणि कचरू एका शाळेतले. कचरूची मोटार बंद पडली, की मुबारक हातातलं काम ठेवून यायचा, आणि मुबारकच्या घरची ज्वारी कचरूच्या शेतातून जायची. दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी मुबारक दुकानाच्या मागं पडलेली मोटार उचलायला वाकला, तर तिच्या आडोशाला बसलेलं कुत्रं त्याच्या उजव्या हाताला कडकडून चावलं. तेच कुत्रं त्या दिवशी दोन शेळ्यांना चावलं आणि दुसऱ्या सकाळी ओढ्यात मरून पडलं. ते पिसाळलेलं होतं याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती.

मुबारकची बायको ताहेरा हिनं साबण लावून त्याचा हात नळाखाली धरला. मुलगी मदीहा जालन्याला कॉलेजात होती. तिनं फोनवरून दवाखान्यातच जायला सांगितलं. ताहेरानं रिक्षा बोलावली. तेवढ्यात कचरू मोटारसायकल घेऊन आला.

"भाबी, रिक्षा परत पाठवा," तो म्हणाला. "मी नेतो काकासाहेबाकडं."

"कचरूभाऊ, आधी भोकरदन करू ना. सुई घेऊन मंग तिकडं जा."

"सुई घेतली की औषध लागू पडत न्हाई. दोन्ही चालत न्हाई, भाबी. एक कायतरी करा."

तोपर्यंत दुकानासमोर माणसं जमली होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी कचरूची गोष्ट ऐकली होती, काहींनी ती दुसऱ्यांना सांगितली होती. "कचरू समोर हुबा हाये की धडधाकट," कुणीतरी म्हणालं. "अजून काय पाह्यजे?"

मुबारक हाताला धरून स्टुलावर बसला होता. त्यानं कचरूकडं पाहिलं. "कचरू, तू बराबर सांग. तुला तव्हा भ्या वाटलं न्हाई?"

कचरूला एकदम तो तांब्या आठवला. पहाटेचा अंधार, हातातला तांब्या, आणि घोट उतरेपर्यंतचं ते थांबणं. ते सांगायला तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात झालं असतं. पण सगळे त्याच्याकडं बघत होते.

"एक दिवस न्हाई," तो म्हणाला. "बिलकुल न्हाई."

मुबारकनं उठून मोटारसायकलवर मागं बसायला पाय टाकला. ताहेरा रिक्षाजवळ तशीच उभी राहिली.

काकासाहेबांनी औषध दिलं, पाठीवरून हात फिरवला. मुबारक निर्धास्त झाला. पुढचे दोन महिने कचरू रोज दुकानावर डोकवायचा. "काय म्हणतो हात?" "काय न्हाई, मस्त हाये." कुणी विचारायला आलं, की कचरू आता मुबारककडंही बोट दाखवायचा. मध्ये ताहेराचा भाऊ इजहार याच्या मुलीचं धावड्याला लग्न झालं. तिथून मुबारक नवा सदरा घालून परत आला आणि त्या लग्नाच्या गमती कचरूला सांगत बसला.

संक्रांतीनंतर मुबारकच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. चावल्याची जागा भरून आली होती, पण आतून आग व्हायची. त्याला वाटलं, तारा ओढून ओढून शीर दुखावली असेल. मग ताप आला. एका दुपारी कचरू दुकानात गेला तर मुबारक पंखा बंद करून घामानं भिजलेला बसला होता.

"पंखा का बंद केला?"

"वारं सहन होईना."

कचरूनं माठातून पाण्याचा ग्लास भरून त्याच्यापुढं धरला. ग्लास तोंडाजवळ येताच मुबारकची मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा वर आल्या आणि त्याच्या तोंडातून असा काही आवाज निघाला, की कचरूच्या हातून ग्लास पडला. मुबारकच्या तोंडातून लाळ गळायला लागली. कचरूनं खांद्यावरच्या गमज्यानं ती पुसली, त्याला धरलं. मुबारकनं झटापटीत त्याच्या मनगटाला ओरखाडे काढले. थोड्या वेळानं तो शांत झाला आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "कचरू, हे तेच हाये ना?"

कचरू जीप बघायला बाहेर धावला.

जीप करून त्याला जालन्याला नेलं, तिथून संभाजीनगरला. डॉक्टरांनी ताहेराला बाजूला घेऊन विचारलं, इंजेक्शन घेतलं होतं का. ताहेरानं कचरूकडं पाहिलं. कचरू फरशीकडं बघत होता. "न्हाई," ती म्हणाली. डॉक्टरांनी पुढं काही विचारलं नाही. शेवटपर्यंत मुबारक शुद्धीत होता. तो कसा गेला, ते कुणी घरी आल्यावर बोललं नाही, आणि इथंही सांगण्यात अर्थ नाही.

दफन झाल्यावर माणसं मुबारकच्या घरासमोर सतरंजीवर बसली. काकासाहेब आले होते. ते रडले. मग डोळे पुसून त्यांनी कचरूला विचारलं, "पथ्य पाळलं होतं ना त्यानं?"

कचरूचं त्या दिवसांत पहिल्यांदाच डोकं चाललं. तो उठून दाराशी गेला. ताहेरा नवऱ्यामागच्या इद्दतीला, चार महिने दहा दिवसांच्या पडद्याला, बसली होती. पडद्याआड मदीहा तिच्याजवळ होती. कचरूनं बाहेरूनच विचारलं, "भाबी, त्यानं मधी काय खाल्लं होतं का?"

ताहेरा म्हणाली, "लग्नात बिर्यानी खाल्ली होती. धावड्याला."

"सव्वा महिना झाला होता?"

"न्हाई. चार-पाच दिवस राह्यले होते. मीच म्हणले, खा म्हणून. भाईला वाईट वाटंल म्हणले."

कचरूनं परत येऊन सांगितलं. सतरंजीवर बसलेल्यांनी एकमेकांकडं बघितलं, सुस्कारे सोडले. सगळ्यांना जे हवं होतं ते मिळालं. काकासाहेबांनी मान खाली घालून "तरीच" एवढंच म्हटलं. त्या रात्री कचरूला आठवड्यात पहिल्यांदा झोप लागली. पुढच्या दिवसांत गावोगावी तीच गोष्ट गेली, आणि भेटायला आलेल्या बायकांना ताहेराही तेच सांगायला लागली: बिर्यानी खाल्ली, मीच वाढली.

आरोग्य उपकेंद्राच्या शीतल सिस्टर गावात आल्या. मुबारकची लाळ ज्यांच्या अंगाला लागली असेल त्यांनी इंजेक्शन घ्यायला पाहिजे, असं त्यांनी घरोघरी सांगितलं. ताहेरा आणि मदीहा लगेच गेल्या. कचरू फाट्यावर हॉटेलात बसला होता, त्याला सिस्टरांनी तिथंच गाठलं.

"कचरूभाऊ, तुमच्या हाताला ओरखाडे आहेत. उद्याच्या उद्या चला."

हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. कचरूनं मनगट बाहीत ओढून घेतलं. "मला काय गरज? माझं औषध तव्हाच झालंय. ते जन्मभर पुरतं."

"तुम्हाला चावलेलं कुत्रं पिसाळलेलं नव्हतं. म्हणून तुम्ही आहात. दुसरं काही कारण नाही."

"पिसाळलेलंच होतं. फेस होता तोंडाला. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं."

"बराबर हाये," मागून एकजण म्हणाला. "वासरू मेलं होतं ना." त्यानं वासरू कधी पाहिलं नव्हतं, त्यानंही ते कचरूकडूनच ऐकलं होतं.

सिस्टर निघून गेल्या. हॉटेलवाल्यानं कचरूला चहा दिला. लोकांच्या नजरेत त्याची बाजू जिंकली होती. त्यानं मात्र कप टेबलावरून उचललाच नाही.

घरी झुंबरबाई चुलीपुढं बसली होती. तिला सगळं आधीच कळलं होतं. "आवो, सुई घेऊन घ्या," ती म्हणाली.

"तू बी त्यांच्यासारखंच बोलायला लागली? पिसाळलेलं कुत्रं चावून मी वाचलो का न्हाई?"

झुंबरबाईनं भाकर तव्यावरून काढली, बाजूला ठेवली आणि त्याच्याकडं तोंड करून बसली. "ती कुत्री होती. कापसाच्या जिनिंगच्या गेटापाशी व्याली होती. तुमचा पाय पिल्लावर पडला म्हणून चावली. त्या दिवशी घरी आल्यावर तुमीच मला सांगितलं."

"मी?"

"तुमीच. पिल्लू लंगडत गेलं म्हणले. लई कळवळला होता तुमी त्या पिल्लासाठी."

कचरू तिला खोटं ठरवायला निघाला होता, पण तेवढ्यात त्याला पायाखालचं ते मऊ काहीतरी जाणवलं आणि पिल्लाचं केकाटणं ऐकू आलं. फेस आला होता कुठून, वासरू कुणाचं होतं, हे त्याला काही केल्या आठवेना. "मंग तू इतके दिवस बोलली का न्हाई?" त्यानं विचारलं.

"मुबारकभाईच्या दुकानाफुडं तुमी सांगत होता तव्हा मी तिथंच होते. येवढ्या माणसांत तुमाला खोटं कसं पाडू?" झुंबरबाई म्हणाली. मग ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी दोघं जालन्याला गेले. गावात सांगितलं, बियाण्याच्या कंपनीत प्लॉटचं काम आहे. स्टेशनजवळच्या एका डॉक्टरकडं, जिथं ओळखीचं कुणी नव्हतं, कचरूनं इंजेक्शन घेतलं. दंडात सुई गेली तेव्हा त्याला मुबारकचा हात दिसला. पुढच्या सुयांनाही ते असंच काहीतरी निमित्त काढून जात राहिले. कचरू स्वतःला म्हणायचा, झुंबरच्या जिवाला बरं वाटावं म्हणून घेतोय.

शेवटची सुई व्हायची होती तेव्हा शेजारच्या गावचा भारत नावाचा माणूस आणि त्याची बायको पुष्पाबाई कचरूला शोधत हॉटेलात आले. भारतच्या गालाला आणि हाताला कुत्र्याचे दात लागले होते. काकासाहेबांनी पाठवलं होतं.

"तुमाला चावलं होतं ना, भाऊ?" पुष्पाबाईनं विचारलं.

"हो."

"सुई न्हाई घेतली?"

हॉटेल भरलेलं होतं. कचरूचा दंड अजून दुखत होता. "तव्हा न्हाई घेतली," तो म्हणाला. "मला तर काय झालं न्हाई."

बाकीचं इतरांनी सांगितलं. फेस, वासरू, आणि मुबारकची बिर्यानी. भारत पथ्य पाळायला कडक आहे म्हणून पुष्पाबाईनं सगळ्यांना सांगितलं. दोघं काकासाहेबांकडं निघून गेले. कचरू खुर्चीवर बसून होता. त्याला उठावंसं वाटत होतं, आणि तो उठला नाही.

संध्याकाळी तो मुबारकच्या घरी गेला. ताहेरा पडद्याआड होती. मदीहा उंबऱ्यात बसली.

"भाबी," कचरू म्हणाला, "बिर्यानीनं काय झालं न्हाई. तुमी जिवाला लावून घेऊ नका. माझ्यानं झालं."

"मला माहीत हाये," ताहेराचा आवाज आला. "सिस्टर आल्ती त्याच दिवशी कळलं."

"मंग तुमी सगळ्यांना तसं का सांगून राह्यल्या?"

"दुसरं काय सांगू? रिक्षा दारात हुबी होती, आन मी जाऊ दिलं, हे सांगू? ते सांगितलं तर लोक वाद घालतात. काकासाहेबाचं औषध खोटं म्हणती, असं म्हणतात. बिर्यानी म्हणलं की गप बसतात. मला बी तेच बरं वाटतं. बिर्यानी एका दिवसाची चूक हाये."

कचरूचा हात आपोआप दंडावर गेला.

"तुमी सुई घेतली," मदीहा म्हणाली. "मी पाह्यलं तुमाला, काका. स्टेशनजवळच्या डॉक्टरकडून दंड धरून निघाले तव्हा."

"घेतली."

"आज ते दोघं आल्ते, त्यांना सांगितलं?" ताहेरानं विचारलं.

कचरूनं मान हलवून नाही म्हटलं.

"इथं काय करून राह्यला मंग? जा त्यांच्याकडं."

कचरू तसाच मोटारसायकल काढून भारतच्या गावी गेला. ओसरीवर भारतचे भाऊ, शेजारी बसले होते. औषध घेऊन झालं होतं. कचरूनं सगळं सांगितलं. कुत्री, पिल्लं, जिनिंगचं गेट. बाही वर करून दंड दाखवला. जमलेली माणसं आधी गोंधळली, मग एकमेकांना खुणा करायला लागली.

"सकाळी तर तुमी येगळं सांगत होता," भारत म्हणाला.

"सकाळी चुकलो."

"मी तिथं दहा माणसात सुई न घ्यायचं कबूल करून आलो. काकासाहेबाच्या पायावर हात ठेवून आलो. आता तुमी म्हणता म्हणून फिरू?"

"जीव तुझा हाये, भारत."

"मुबारकभाई गेल्यापासून यांचं चित्त ठिकाणावर न्हाई," पुष्पाबाई हळू आवाजात शेजारणीला म्हणाली. तिनं कचरूला पाणी आणून दिलं, आणि तो पाणी पितो का याकडं सगळे टक लावून बघत राहिले.

सकाळी कचरू शीतल सिस्टरांना घेऊन परत गेला. भारतनं दार उघडलं नाही. सिस्टर त्यानंतरही जात राहिल्या. जेवढं त्याला समजावायला जावं तेवढा तो घट्ट होत गेला.

भारतला काही झालं नाही. त्याला चावलेलं कुत्रं त्यांच्याच गल्लीत उन्हाळाभर फिरत होतं. पण भारतनं ते कुत्रं दुसरंच, चावणारं केव्हाच मेलं, असं सांगायला सुरुवात केली. आता काकासाहेब लोकांना भारतकडं पाठवतात. कचरूला कुणी विचारत नाही. हॉटेलात तो आला, की माणसं बोलायची थांबतात आणि मग पिकाचा विषय काढतात. इद्दत संपल्यावर ताहेरानं दुकान विकलं आणि ती भावाकडं धावड्याला गेली. सामान टेम्पोत चढवायला कचरू होता. ती निघताना त्याच्याशी बोलली नाही.

जूनमधल्या एका बाजाराच्या दिवशी कचरूला केदारखेड्यात भारत दिसला. चहाच्या टपरीपुढं तो घोळक्यात उभा होता. हाताला ओढणी गुंडाळलेली एक तरुण बाई आणि तिचा नवरा त्याच्यासमोर होते.

"माझ्या घरी माणसं आणली, दंड दाखवले," भारत सांगत होता. "मी न्हाई हाललो. एक दिवस भ्या न्हाई वाटलं मला."

कचरूनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. जसं दिसत होतं तसं सांगत होता. कचरू गर्दीत शिरून त्या बाईला म्हणाला, "ताई, दवाखान्यात जा. आत्ता जा. भोकरदनला सुई फुकट मिळती."

"हे कोण?" बाईनं विचारलं.

"हेच ते," भारत म्हणाला, आणि माणसं हसली. नवऱ्यानं बायकोच्या दंडाला धरून तिला बाजूला घेतलं. कचरू त्यांच्या मागं जीपपर्यंत गेला, पुन्हा तेच बोलला. नवरा म्हणाला, तुमचं काम करा, बाबा. बाईनं आत बसताना एकदा वळून बघितलं. जीप डोंगराच्या रस्त्याला लागली.

कचरूनं शीतल सिस्टरांना फोन लावला. एक बाई आहे, हाताला चावलंय, आत्ता काकासाहेबांकडं गेली, असं त्यानं सांगितलं.

"नाव काय तिचं?" सिस्टरांनी विचारलं. "गाव कोणतं?"

कचरूनं दोन्ही विचारलं नव्हतं.